पाण्याचा हक्क : गोदावरी खोऱ्यातील पाणीवाटपाची चौकट आणि व्यवहार

सारांश : पाण्यावरील हक्क हा जमिनीच्या मालकीसारखा सरळ हक्क नाही. तो आंतरराज्य लवाद, राज्य शासन, नियमन प्राधिकरण, सिंचन प्रकल्प आणि पाणी वापर संस्था अशा अनेक पायऱ्यांवरून उतरत शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येतो. गोदावरीच्या महाराष्ट्रातील ऊर्ध्व खोऱ्याच्या उदाहरणावरून हा हक्क कसा दिला जातो, कसा मोजला जातो आणि टंचाईच्या वर्षी त्याचे काय होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : पाणी वापर हक्क, समन्यायी वाटप, जायकवाडी, शेजपाळी, पाणी वापर संस्था.

प्रस्तावना :

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर येथे उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या खोऱ्याचे जवळपास निम्मे क्षेत्र एकट्या महाराष्ट्रात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर भरपूर पाऊस, त्याच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा पट्टा आणि त्यापुढे मराठवाड्याचे अवर्षणप्रवण पठार, अशी या खोऱ्याची रचना आहे. पाणी एका टोकाला उपजते आणि त्याची निकड दुसऱ्या टोकाला अधिक असते. म्हणूनच या खोऱ्यात पाण्याचा प्रश्न साठ्याचा जितका आहे, तितकाच तो वाटणीचा आहे.

वाटणीचा विचार करताना 'पाणी कोणाचे?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कायद्याच्या दृष्टीने तो पुरेसा नाही. पाणी कोणी वापरावे, किती वापरावे, कोणत्या हंगामात वापरावे आणि कमी पडल्यास कोणी किती सोसावे, असे चार प्रश्न त्याच्या पोटात दडलेले असतात. यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या तरतुदी गेल्या शतकभरात हळूहळू तयार झाल्या. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अलीकडचे असून त्यावरच आज सर्वाधिक वाद होतो.

मालकी, विश्वस्तपद आणि वापराचा हक्क :

भारतीय संविधानात पाणी हा विषय राज्यसूचीत आहे. आंतरराज्य नद्यांचे नियमन व विकास यांबाबत संसदेला कायदा करता येतो, आणि अशा नद्यांच्या तंट्यांसाठी अनुच्छेद २६२ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने नदीकाठच्या जमीनधारकाचे काही परंपरागत अधिकार मान्य केले. तथापि नैसर्गिक प्रवाहांचे नियमन करण्याचा शासनाचा अधिकार त्याच कायद्याने अबाधित ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा समावेश जीविताच्या मूलभूत हक्कात केला. पुढे कमलनाथ प्रकरणात (१९९६) नद्यांसारख्या नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व त्याच न्यायालयाने स्वीकारले.

या भूमिकेतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. वाहत्या पाण्यावर कोणाचीही संपूर्ण मालकी नाही. व्यक्तीला मिळतो तो वापराचा हक्क. असा हक्क अटींनी बांधलेला, विशिष्ट प्रमाणापुरता आणि विशिष्ट काळापुरता असतो. पाणीवाटपाच्या चर्चेत 'आमचे पाणी' हा शब्दप्रयोग वारंवार येत असला, तरी कायद्याच्या परिभाषेत त्याचा अर्थ 'आमच्या वाट्याचा वापर' इतकाच आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

महाराष्ट्रात पाण्याच्या सामूहिक व्यवस्थापनाची परंपरा जुनी आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील फड पद्धतीत गावाच्या बंधाऱ्यावरील क्षेत्राचे फड पाडून कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे लाभधारक मिळून ठरवीत आणि पाणी देण्याचे काम गावाने नेमलेले पाटकरी करीत. येथे हक्काची नोंद कागदावर कमी आणि रूढीत अधिक होती.

ब्रिटिश राजवटीत मोठे कालवे आले आणि हक्काचे स्वरूप बदलले. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने कालव्याचे पाणी ही शासनाने अर्जावरून पुरवावयाची बाब ठरविली. शेतकऱ्याने पाणी मागावयाचे, अधिकाऱ्याने मंजूर करावयाचे आणि त्याबदल्यात पाणीपट्टी भरावयाची, हा क्रम तेव्हापासून रूढ झाला. गोदावरी खोऱ्यात दारणा धरण (१९१६), नांदूर मधमेश्वर येथून निघणारे गोदावरीचे उजवा व डावा कालवे आणि प्रवरेवरील भंडारदरा धरण (१९२६) ही या काळातील प्रमुख कामे होत. अवर्षणापासून संरक्षण हा या कालव्यांचा मूळ हेतू होता. परंतु पावसाच्या चांगल्या वर्षी शेतकरी पाणी मागेनात आणि कालव्याचा खर्च भरून निघेना. त्यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली. विशिष्ट क्षेत्राला काही वर्षांसाठी पाण्याची हमी देणारी ही पद्धत होती. तिच्यामुळे पाण्याला स्थिर गिऱ्हाईक मिळाले व उसाच्या शेतीचा पाया घातला गेला. मात्र काही वर्षांची मंजुरी ही कायमच्या हक्कासारखी मानली जाऊ लागली, हा त्याचा दूरगामी परिणाम होय.

स्वातंत्र्योत्तर काळात मराठवाड्यात हैदराबाद संस्थानचा, विदर्भात मध्यप्रांताचा आणि उर्वरित भागात मुंबई प्रांताचा, असे वेगवेगळे पाटबंधारे कायदे लागू होते. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ ने त्यांचे एकत्रीकरण केले. असे असले तरी या अधिनियमाखालील नियम पुढे कित्येक दशके तयार झाले नाहीत आणि १९३४ चे जुने कालवा नियमच व्यवहारात राहिले. कायदा नवा आणि कार्यपद्धती जुनी, ही विसंगती पाण्याच्या हक्काविषयीच्या संदिग्धतेचे एक कारण आहे.

हक्काच्या पायऱ्या :

(अ) आंतरराज्य वाटप : न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील गोदावरी पाणी तंटा लवाद १९६९ मध्ये स्थापन झाला आणि त्याचा अंतिम निवाडा १९८० मध्ये आला. या लवादाचे वैशिष्ट्य असे की संबंधित राज्यांनी आपसांत केलेले करार त्याने निवाड्याचा आधार मानले. महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्यातील १९७५ च्या करारानुसार गोदावरीवर पैठणपर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे सर्व पाणी वापरण्यास महाराष्ट्र मुखत्यार आहे. त्याखालील, पोचमपाडपर्यंतच्या क्षेत्रात मात्र नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफूट (टीएमसी) इतकी मर्यादा आहे. नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचा तंटा याच मर्यादेच्या अर्थावरून उद्भवला. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी बंधारा मान्य केला, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात त्याची दारे उघडी ठेवण्याची आणि १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडण्याची अट कायम ठेवली. पाण्याचा हक्क केवळ आकड्यात नसतो, तर दिनदर्शिकेतही असतो, हे या निर्णयावरून स्पष्ट होते.

(आ) क्षेत्रनिहाय वाटप : राज्याच्या वाट्यातून पिण्यासाठी, शेतीसाठी व उद्योगांसाठी किती पाणी द्यावयाचे हा निर्णय पुढच्या पायरीवर होतो. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती असा क्रम होता. तीव्र टीकेनंतर २०११ मध्ये शेतीला दुसरे व उद्योगाला तिसरे स्थान देण्यात आले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार राज्य मंत्रिमंडळाकडे गेला. कोणत्या क्षेत्राला किती पाणी, हा निर्णय त्यामुळे पुन्हा राजकीय निर्णय ठरला.

(इ) प्रकल्पस्तरीय नियोजन : पावसाळा संपल्यावर, १५ ऑक्टोबरच्या सुमारास, धरणातील उपयुक्त साठा निश्चित होतो. बाष्पीभवन व पिण्याचे आरक्षण वजा करून सिंचनासाठी उरणाऱ्या पाण्याची आवर्तने कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. या बैठकीस लोकप्रतिनिधी, अधिकारी व शेतकऱ्यांचे प्रतिनिधी उपस्थित असतात.

(ई) शेतकऱ्याचा हक्क : लाभक्षेत्रातील शेतकरी 'नमुना नंबर ७' वर पाणी मागणी अर्ज करतो. अर्ज मंजूर झाल्यावर शेजपाळीप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या वेळेत, त्याला पाणी मिळते. चारीच्या पुच्छाकडून शीर्षाकडे पाणी देत यावे हा शेजपाळीचा मूळ नियम आहे. व्यवहारात चारीच्या मुखाजवळचा शेतकरी आधी भिजवून घेतो आणि शेवटचा शेतकरी पाण्याची वाट पाहत राहतो, ही लाभक्षेत्रांतील सर्वपरिचित तक्रार आहे.

२००५ चे दोन कायदे :

डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये आपला अहवाल सादर केला. खोरे व उपखोरे हे नियोजनाचे एकक मानण्याचा आग्रह त्यात होता. या विचारमंथनानंतर २००५ मध्ये दोन परस्परपूरक कायदे आले.

पहिला महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम. स्वतंत्र जलनियमन प्राधिकरण स्थापन करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. पाणी वापर हक्क निश्चित करण्याचे निकष आणि ठोक जलदर ठरविणे ही या प्राधिकरणाची मुख्य कामे होत. अधिनियमाच्या कलम १२(६) मध्ये तीन तत्त्वे सांगितली आहेत. लाभक्षेत्रातील प्रत्येक जमीनधारकाला पाण्याचा हिस्सा मिळावा; तो लाभक्षेत्रातील जमिनीच्या प्रमाणात असावा, परंतु टंचाईत शक्यतो प्रत्येकाला किमान एक एकर भिजेल इतके पाणी द्यावे; आणि तुटीची झळ समन्यायाने वाटली जावी यासाठी खोऱ्यातील सर्व धरणांतील साठे ऑक्टोबरअखेर असे नियंत्रित करावेत की खरीप वापरासह उपयुक्त पाण्याची टक्केवारी सर्वत्र जवळपास सारखी राहील.

दुसरा कायदा महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५. यानुसार लघुवितरिकेवर शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था स्थापन होते आणि शासन तिला हंगामनिहाय ठराविक घनमापाचे पाणी देते. संस्थेच्या संचालक मंडळात शीर्ष, मध्य व पुच्छ या तिन्ही भागांना समान प्रतिनिधित्व असून अध्यक्षपदही आळीपाळीने तिन्ही भागांकडे जाते. वाट्याच्या पाण्यात कोणते पीक घ्यावयाचे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्यास आहे. क्षेत्रावर आधारित पाणीपट्टीऐवजी मोजून दिलेल्या पाण्याची आकारणी हा यातील मूलभूत बदल आहे.

या बदलाचा अर्थ एका साध्या हिशोबाने समजून घेता येईल. एक क्युसेक प्रवाह चोवीस तास वाहिल्यास ८६,४०० घनफूट, म्हणजे सुमारे २,४४७ घनमीटर पाणी मिळते. एका पाळीत शेतात ७.५ सेंटिमीटर उंचीचे पाणी द्यावयाचे ठरविल्यास हेक्टरी ७५० घनमीटर लागते. म्हणजेच वहनातील घट सोडल्यास एवढ्या प्रवाहात दिवसाला सव्वातीन हेक्टर क्षेत्र भिजावयास हवे. प्रत्यक्षात दोनच हेक्टर भिजत असेल, तर उरलेले पाणी कोठे गेले असा प्रश्न संस्थेला विचारता येतो. क्षेत्रावर आकारणी होत असताना हा प्रश्न विचारण्याचे कारणच नव्हते. मोजमाप हे म्हणून केवळ तांत्रिक काम नाही, ते हक्काचा पुरावा आहे. जेथे चारीच्या मुखाशी मापनयंत्रणा नाही किंवा नादुरुस्त आहे, तेथे घनमापी हक्क कागदावरच राहतो.

वाघाडचा अनुभव :

नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. कालव्याच्या पुच्छभागी असलेल्या ओझर परिसरात पाणी पोहोचत नव्हते. बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९०-९१ च्या सुमारास तेथे तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. कायदा येण्याच्या सुमारे पंधरा वर्षे आधीची ही घटना आहे. मोजून मिळालेल्या पाण्यापैकी काही पाणी या संस्थांनी ओढ्या-नाल्यांवरील बंधाऱ्यांत सोडले, त्यामुळे विहिरींची पातळी वाढली आणि कालव्याचे आवर्तन नसतानाही पिकांना पाणी मिळू लागले. पुढे संपूर्ण प्रकल्पावर संस्था स्थापन होऊन प्रकल्पस्तरीय संघाकडे व्यवस्थापन आले. पुच्छभागातील शेतकरी संघटित झाला आणि पाणी मोजले गेले, तर हक्क प्रत्यक्षात उतरतो, असा या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

येथेच एक मूलभूत मर्यादाही नमूद केली पाहिजे. दोन्ही कायद्यांतील हक्क लाभक्षेत्रातील जमिनीशी जोडलेला आहे. ज्याच्याकडे जमीन नाही किंवा ज्याची जमीन लाभक्षेत्राबाहेर आहे, त्याला सिंचनाच्या पाण्यात वाटा नाही. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकात याहून वेगळे तत्त्व मांडले होते. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरे, भूमिहीनांनाही हक्क होता आणि उसासारखे पीक वर्ज्य होते. राज्याच्या कायद्याने हे तत्त्व स्वीकारले नाही.

तुटीची वाटणी : जायकवाडीचा प्रश्न :

पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाच्या नाथसागर जलाशयाची एकूण क्षमता सुमारे १०२.७३ टीएमसी असून त्यातील उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी आहे. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत जातो, तर उजवा कालवा माजलगावकडे जातो. छत्रपती संभाजीनगर व जालना या शहरांचे पिण्याचे पाणी आणि परिसरातील उद्योगांचा पुरवठाही याच जलाशयावर अवलंबून आहे. नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतील धरणे भरल्यानंतरच पाणी येथवर येते. त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी वरची धरणे भरलेली आणि नाथसागर रिकामा, असे चित्र दिसते.

२०१२ च्या दुष्काळात हा प्रश्न ऐरणीवर आला आणि वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागले. त्यानंतर नेमलेल्या हिरालाल मेंढेगिरी यांच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. वरील धरणांचे मुळा, प्रवरा, गंगापूर, गोदावरी-दारणा व पालखेड असे समूह करून, जायकवाडीतील साठ्याच्या स्थितीनुसार प्रत्येक समूहात किती पाणी ठेवावे याचा तक्ता समितीने तयार केला. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे सुमारे ५० टीएमसीपेक्षा कमी असल्यास वरून पाणी सोडण्याचा विचार करावा, असे त्याचे सूत्र आहे. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशाने ते स्वीकारले. २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाच्या कलमाची वैधता मान्य केली. या चौकटीत २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी, २०१८ मध्ये ८.९९ टीएमसी आणि २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचे आदेश निघाले.

या आदेशांना होणाऱ्या विरोधामागील युक्तिवाद समजून घेणे आवश्यक आहे. ऊर्ध्व भागातील शेतकऱ्यांचे म्हणणे असे की त्यांचे कालवे शंभर वर्षांपूर्वीचे आहेत, फळबागा व ऊस यांची घडी त्या पाण्यावर बसली आहे आणि नदीपात्रातून पाणी सोडल्यास मोठा भाग वाळूत व वाटेतील डोहांत जिरतो. यातील वहनघटीचा मुद्दा वस्तुस्थितीला धरून आहे. म्हणूनच पाणी सोडण्यापूर्वी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढणे आणि नदीकाठच्या कृषिपंपांचा वीजपुरवठा खंडित करणे असे उपाय प्रशासनास योजावे लागतात. पाणी जितक्या उशिरा सुटते तितकी घट वाढते. हक्काबाबतचा विलंब येथे अक्षरशः पाण्याच्या नाशात मोजला जातो.

दुसऱ्या बाजूने मराठवाड्याचा युक्तिवाद असा की जायकवाडीच्या आयोजनानंतरही वरच्या भागात साठे वाढत गेले आणि खालच्या प्रकल्पाची येवा कमी झाली. कोण आधी आले या कसोटीवर हक्क ठरविला, तर खोरे हे एक एकक आहे ही कल्पनाच निरर्थक ठरेल. तथापि समन्यायाचे तत्त्व पैठणला येऊन थांबू शकत नाही. नाथसागरात आलेले पाणी परभणीच्या पुच्छभागापर्यंत पोहोचते का, की जलाशयाच्या काठावरील उपशातून आणि शीर्षभागातील बारमाही पिकांतच संपते, हा प्रश्न मराठवाड्याने स्वतःलाही विचारावयाचा आहे. वरच्या जिल्ह्याकडून मागितलेला न्याय आपल्याच कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला नाकारला गेला, तर त्या मागणीचे नैतिक बळ कमी होते.

अंमलबजावणीतील उणिवा :

२००५ च्या अधिनियमाने एकात्मिक राज्य जल आराखडा तयार करणे बंधनकारक केले होते. मात्र हा आराखडा मान्य करणाऱ्या राज्य जल परिषदेची पहिली बैठक व्हावयास जवळपास दहा वर्षे लागली. दरम्यानच्या काळात आराखड्याविना प्रकल्पांना मान्यता दिल्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतरच गोदावरी खोऱ्याच्या आराखड्यास गती मिळाली. मेंढेगिरी तक्त्याच्या फेरविचारासाठी शासनाने २०२३ मध्ये अभ्यासगट नेमला. ६५ टक्क्यांची मर्यादा किती असावी यावरील चर्चा त्यातून पुढे आली. अशा फेरविचारात गैर काही नाही. परंतु तो टंचाई नसलेल्या वर्षी, मोजलेल्या आकड्यांवर व्हावा, दुष्काळाच्या तोंडावर नव्हे.

भूजल ही आणखी एक उणीव. कालव्याच्या पाझरावर भरणाऱ्या विहिरींचे पाणी व्यवहारात जमीनमालकाचेच मानले जाते. भूजल विकास व व्यवस्थापनाचा २००९ चा राज्य कायदा २०१४ मध्ये अमलात आला, परंतु नदी, कालवा आणि विहीर यांचा एकत्रित हिशोब मांडण्याची पद्धत रुजलेली नाही. एकाच पाण्याची दोन खाती ठेवल्यास कोणतीही वाटणी न्याय्य ठरू शकत नाही.

निष्कर्ष :

१. पाण्याचा हक्क हा मालकीचा नसून वापराचा, प्रमाणबद्ध आणि कालबद्ध हक्क आहे. तो लवादापासून शेतचारीपर्यंतच्या साखळीतून येतो आणि साखळीतील एक कडी निसटली तरी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

२. जुन्या मंजुऱ्या कालांतराने हक्काचे रूप धारण करतात. ब्लॉक पद्धतीचा इतिहास लक्षात घेता नव्या मंजुऱ्या देताना मुदत व अटी स्पष्ट असणे आवश्यक आहे.

३. मोजमापाशिवाय हक्क सिद्ध करता येत नाही. वाघाडसारख्या प्रकल्पांचे यश संघटन आणि मापन या दोहोंवर उभे आहे.

४. विपुलतेची वाटणी करण्यास कायदा लागत नाही, तुटीची वाटणी करण्यास लागतो. कलम १२(६)(ग) चे महत्त्व त्यात आहे. मात्र ते दोन जिल्ह्यांमध्ये जसे लागू होते, तसेच एका प्रकल्पाच्या शीर्ष व पुच्छ भागांतही लागू झाले पाहिजे.

ऑक्टोबरअखेरचा साठा, जानेवारीतील आवर्तन आणि एप्रिलमधील कोरडी चारी या तीन गोष्टी एकाच हिशोबाच्या तीन ओळी आहेत. तो हिशोब उघडपणे मांडला जाणे आणि पुच्छभागातील शेतकऱ्याला तो वाचता येणे, हीच पाण्याच्या हक्काची खरी कसोटी होय.